लहान भूखंडावरील जुने घर घेण्यापूर्वी काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने?

घरशोधक:

नमस्कार. आम्ही राहण्यासाठी एक जुने स्वतंत्र घर पाहिले आहे. व्यवहार पुढे न्यावा की नाही हे ठरविण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

भूखंड लहान आहे. रस्त्याकडील रुंदी सुमारे ७.५ मीटर आणि खोली १३ मीटर, म्हणजे शंभर चौरस मीटरला थोडी कमीच जागा. तळमजला विटांच्या भारवाहक भिंतींचा असून त्यावर काँक्रीटचा स्लॅब आहे, आणि तो चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा असल्याचे विक्रेते सांगतात. वरचा मजला नंतर चढविलेला आहे. तो कधी चढविला याबद्दल मात्र घरातल्याच दोन माणसांनी दोन वेगळी उत्तरे दिली. एका बाजूची भिंत शेजारच्या घराला लागून आहे, दुसऱ्या बाजूला एक मीटरहून कमी रुंदीचा बोळ आहे, आणि मागे दोनेक मीटरचे अंगण असून त्यात मैलाटाकी आहे. पुढे ओटा आणि त्यावर वरच्या मजल्याचा सज्जा आलेला आहे.

पाहताना काही गोष्टी खटकल्या. जिन्याखालच्या भिंतीला फक्त कमरेच्या उंचीपर्यंत नवा रंग दिलेला आहे. वरच्या न्हाणीघराच्या बरोबर खाली छताला तपकिरी डाग आहेत. मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरका, पायऱ्या-पायऱ्यांनी वर गेलेला तडा आहे आणि त्यात नाण्याची कड सहज जाते. पुढचा रस्ता घराच्या अंगणापेक्षा वीतभर उंच आहे. विक्रेत्यांच्या मते हे सारे 'जुन्या घराला असायचेच'.

इसार देण्यापूर्वी पैसे खर्चून अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी का, करून घेतल्यास कशाची, आणि अशा व्यवहारात जमिनीला किती महत्त्व द्यावे व बांधकामाला किती, हे कृपया सांगावे.

ओळंबा:

तपासणी जरूर करून घ्यावी आणि ती इसारापूर्वीच करावी. ते शक्य नसेल, तर तपासणीचा अहवाल समाधानकारक नसल्यास इसार परत मिळेल अशी अट लेखी करारात घालून घ्यावी. एकदा पैसे अडकले की माणूस घरातले दोष शोधायचे सोडून त्यांचे समर्थन शोधू लागतो.

तुम्ही सांगितलेल्या गोष्टींपैकी तडा प्रथम घेतो. तड्याचे मोल त्याच्या लांबीवर ठरत नाही, ते रुंदीवर, दिशेवर आणि तो अजून हलतो आहे की थांबला आहे यावर ठरते. १ मिलिमीटरपर्यंतची भेग बहुधा गिलाव्यापुरती असते आणि रंगकामात मिटते. ५ मिलिमीटरपर्यंतचा तडा भरून काढता येतो, पण कारण शोधावे लागते. ५ ते १५ मिलिमीटरच्या तड्यात विटा काढून पुन्हा बांधाव्या लागतात, आणि त्या सुमारास दारे-खिडक्या अडकू लागलेल्या दिसतात. त्यापुढचा तडा असेल तर घराचा विचारच वेगळ्या पद्धतीने करावा लागतो. तुमच्या वर्णनावरून हा दीड-दोन मिलिमीटरचा असावा, म्हणजे घाबरण्यासारखा नाही; पण पायऱ्या-पायऱ्यांनी गेलेला तिरका तडा हा पाया एका टोकाला खचल्याचे नेहमीचे लक्षण असल्यामुळे तो सोडून देण्यासारखाही नाही. तो वर रुंद आहे की खाली, हे नीट मोजावे. वर रुंद असेल तर भिंतीचे टोक खाली गेले असण्याची शक्यता असते आणि खाली रुंद असेल तर मधला भाग बसला असण्याची. तुमच्या बाबतीत मैलाटाकी त्याच बाजूला असल्यामुळे टाकी किंवा तिची नळी गळून पायाखालची माती मऊ झाली आहे का, हा पहिला प्रश्न ठरतो. त्या टाकीचे झाकण उघडून पाहिल्याशिवाय या तड्याबद्दल कोणी ठामपणे बोलू नये.

तडा जुना की नवा हे आत डोकावून कळते. आत धूळ, कोळ्याचे जाळे किंवा जुन्या रंगाचा थर असेल तर तो बराच काळ तसाच आहे. कडा धारदार आणि आतील वीट ताज्या रंगाची असेल तर हालचाल अलीकडची आहे. चिकणमातीच्या जमिनीत काही तडे कोरड्या दिवसांत उघडतात आणि ओल आली की मिटतात, आणि जवळ मोठे झाड असेल तर ते मातीतले पाणी ओढून हा खेळ वाढविते. म्हणून एकाच भेटीत केलेल्या मोजणीवर निकाल देणे धोक्याचे असते. तड्यावर काचेची पट्टी चिकटवून ठेवण्याची (हालचाल झाली की ती तुटते) जुनी पद्धत उत्तम आहे, पण खरेदीच्या घाईत तिला पुरेसा अवधी क्वचितच मिळतो.

आता वरचा मजला. माझ्या दृष्टीने या घरातला सर्वांत मोठा प्रश्न हाच आहे. तळमजल्याचा पाया एका मजल्यासाठी घातला होता की दोन, याचे उत्तर मंजूर नकाशात मिळते. नकाशा नसेल तर मागच्या बाजूला एके ठिकाणी पायाशेजारी खड्डा घेऊन त्याची खोली आणि रुंदी प्रत्यक्ष पाहावी लागते. खालच्या भिंती नऊ इंची आहेत की साडेचार इंची, वरची भिंत खालच्या भिंतीवरच उभी आहे की स्लॅबच्या मधोमध, आणि दिवाणखाना मोठा करण्यासाठी खालची एखादी भिंत पुढे कधी काढली आहे का, हे पाहावे. भारवाहक भिंतींच्या घरात भिंत काढणे म्हणजे कॉलम काढण्यासारखेच आहे, आणि ते काम केलेल्यांना तसे वाटलेले नसते.

न्हाणीघराखालच्या डागांबद्दल थोडे सविस्तर सांगतो. ताज्या काँक्रीटचा पीएच (क्षारीपणा दाखविणारा आकडा) १२.५ ते १३ च्या आसपास असतो आणि त्या क्षारीपणामुळे आतील सळया गंजत नाहीत. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरत जातो, पीएच ९ च्या खाली येतो आणि सळईचे हे संरक्षण संपते. ही प्रक्रिया काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पुढे सरकते. पहिल्या १० वर्षांत १० मिलिमीटर आत गेली असेल तर ४० वर्षांत साधारण २० मिलिमीटरपर्यंत जाते. जुन्या स्लॅबमध्ये सळईवरचे आवरण १५-२० मिलिमीटरच असते, म्हणजे तुमचे घर नेमके त्या उंबरठ्यावर आहे. त्यात वरून पाणी झिरपत असेल तर गंज वेगाने वाढतो, आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असल्यामुळे तो आतून काँक्रीट फोडून खपल्या पाडतो. साधी परीक्षा अशी की लहान हातोडीने छतावर टकटक करत जावे. चांगल्या ठिकाणी आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या ठिकाणी बद्द येतो. छतावर सळयांच्या रेषेत सरळ भेगा दिसल्या तर हातोडीचीही गरज नाही.

सज्जाची तपासणी मात्र खालून करून भागत नाही. बाहेर काढलेल्या सज्जामध्ये ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळया वरच्या थरात असतात, फरशीच्या खाली, जिथे पाणी साचते. खालची बाजू स्वच्छ आणि रंगविलेली दिसत असूनही वरच्या सळया गंजलेल्या असू शकतात. जुन्या घरांचे सज्जे एकाएकी कोसळतात त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

रोखठोक:

माझे मत थोडक्यात मांडतो. चाळीस वर्षांच्या घराची किंमत शून्य धरावी, फक्त जमिनीचा भाव द्यावा आणि घेतल्यावर पाडून नवे बांधावे. डागडुजीवर केलेला खर्च कधीच वसूल होत नाही, उलट एक जागा दुरुस्त केली की दुसरी तोंड वर काढते. तपासण्यांवर पैसा घालविण्यापेक्षा तो नव्या बांधकामाला वापरावा.

मोजपट्टी:

रोखठोक यांचा सल्ला मोठ्या भूखंडावर बहुधा बरोबर ठरेल. लहान भूखंडावर मात्र तो अमलात आणण्यापूर्वी एक आकडेमोड करावी, कारण तिथे जुने घर हेच बऱ्याचदा त्या जमिनीवरचे सर्वांत मोठे शक्य घर असते.

बांधकामाच्या नियमांत चारही बाजूंना मोकळी सोडावयाची सामासिक अंतरे असतात, आणि ती जुने घर बांधले गेले तेव्हापेक्षा आज अधिक असण्याची शक्यता पुष्कळ आहे. केवळ उदाहरणासाठी असे धरू या की पुढे ३ मीटर, मागे २ मीटर आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडावे लागेल. १३ मीटर खोलीतून ५ गेले, ८ उरले. ७.५ मीटर रुंदीतून ३ गेले, ४.५ उरले. म्हणजे एका मजल्यावर ३६ चौरस मीटर, आणि त्यातच जिना, भिंतींची जाडी आणि बहुधा वाहनतळही. आजच्या घराने तळमजल्यावर साठ-पासष्ट चौरस मीटर जागा व्यापली असावी. पाडल्यावर जवळपास निम्मे क्षेत्र हातचे जाईल, आणि ते परत मिळविण्यासाठी वर मजले चढवावे लागतील, तेही उंचीची आणि एकूण अनुज्ञेय क्षेत्राची मर्यादा आड आली नाही तर. लहान भूखंडांना सवलत देणारे नियमही अनेक ठिकाणी असतात, शेजाऱ्याच्या भिंतीला लागून बांधण्याची मुभाही काही ठिकाणी मिळते. तेव्हा आपल्या नियोजन प्राधिकरणाचे नियम वाचून आणि वास्तुविशारदाकडून एक कच्चा नकाशा काढून घेऊन मगच 'पाडून बांधू' हे वाक्य उच्चारावे.

अनेक नियमावलींत असेही असते की जुने बांधकाम आहे तसे राहू शकते, परंतु ठराविक मर्यादेपलीकडे फेरबदल केला की ते नव्या नियमांच्या कक्षेत येते. ही मर्यादा नेमकी कोठे आहे हे लेखी स्वरूपात जाणून घ्यावे, कारण ओळंबा यांनी सांगितलेली दुरुस्ती करायला गेल्यावर ती 'दुरुस्ती' न राहता 'पुनर्बांधणी' ठरू शकते. वरच्या मजल्याला परवानगी होती का, हा प्रश्न बळकटीइतकाच कायद्याचाही आहे. घरातल्या दोन माणसांनी दोन वेगळी वर्षे सांगितली याचा अर्थ कागद बहुधा हाताशी नाही. मंजूर नकाशा, बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला आणि कर-आकारणीच्या जुन्या नोंदी या तिन्हींची वर्षे आणि क्षेत्रफळे एकमेकांशी ताडून पाहावीत. कर भरला जातो म्हणून बांधकाम अधिकृत ठरते, हा गैरसमज आश्चर्य वाटावे इतका पक्का आहे.

मोजणीबद्दल. अधिकृत मोजणी करून हद्दीच्या खुणा प्रत्यक्ष जागेवर घालून घ्याव्यात. मोठ्या शेतात वीतभर इकडे-तिकडे झाल्याने कोणाचे काही अडत नाही, पण इथे १३ मीटर लांबीच्या हद्दीवर २० सेंटीमीटरचा फरक म्हणजे २.६ चौरस मीटर, एका न्हाणीघराएवढी जागा. लागून असलेली भिंत एकट्या विक्रेत्याची आहे, शेजाऱ्याची आहे की सामाईक आहे, हे खरेदीखतात स्पष्ट असावे. सामाईक असेल तर तिच्यात तुळई घुसविणे, कोनाडा खोदणे किंवा ती उंच करणे यांपैकी काहीही शेजाऱ्याला विचारल्याशिवाय करता येणार नाही. उलट, शेजाऱ्याने उद्या स्वतःचे घर पाडायचे ठरविले तर तुमच्या घराची ती बाजू उघडी पडेल, आणि तिला बाहेरून कधी गिलावा झालेलाच नसेल.

बोळाकडे नीट पाहावे. तो कोणाच्या मालकीचा आहे, त्यातून कोणाची वहिवाट आहे, तुमच्या सांडपाण्याच्या नळ्या त्यात उतरतात का, आणि तुमच्या छताची पागोळी कोणाच्या हद्दीत पडते? एक मीटरहून अरुंद बोळात परांची उभारणे जिकिरीचे असते. त्या बाजूच्या भिंतीला गिलावा किंवा रंग करायचा झाल्यास शेजाऱ्याच्या बाजूने उभे राहावे लागेल, म्हणजे घराच्या देखभालीची एक किल्ली कायमची दुसऱ्याच्या हाती राहील. वाळू, विटा, राडारोडा ठेवायला जागा नसल्यामुळे लहान भूखंडावरची तीच दुरुस्ती अधिक वेळ आणि अधिक मजुरी खाते. अंदाजपत्रक मागताना ठेकेदाराला जागेवर नेऊनच मागावे, फोनवर नव्हे.

खिडक्यांमधून येणारा उजेड कोणाच्या मोकळ्या जागेवरून येतो, हेही पाहून ठेवा. तो शेजाऱ्याच्या रिकाम्या अंगणावरून येत असेल तर त्याच्यावर तुमचा हक्क आहेच असे गृहीत धरू नये.

उंबरठा:

वरील दोघांनी सांगाडा आणि चारही बाजूंची हद्द चांगली मांडली आहे. मी त्यात पाण्याची भर घालतो, कारण जुन्या घरातले बहुतेक दुखणे शेवटी पाण्यापाशी येऊन थांबते.

रस्ता अंगणापेक्षा वीतभर उंच आहे, हे तुम्ही ओझरते लिहिले आहे. मी ते पहिल्या ओळीत लिहिले असते. रस्त्यावर थरावर थर चढत गेले की घर न हलता खाली जाते. मग जोत्याची उंची किती उरली आहे हे महत्त्वाचे ठरते. खोलीतील फरशी रस्त्याच्या पातळीपेक्षा किती वर आहे, हे गवंड्याच्या पाण्याच्या नळीने अर्ध्या तासात मोजून होते. फरशी रस्त्याच्या बरोबरीला किंवा खाली असेल तर मोठ्या पावसात पाणी आत येणार, आणि त्याहून वाईट म्हणजे रस्त्यातली गटारवाहिनी तुंबली की मैलापाणी तळमजल्याच्या न्हाणीघरातून उलटे वर येऊ शकते. उलटे येणारे पाणी अडविणारी झडप बसविता येते, पण झडप बंद असते तेव्हा घरातलेही पाणी बाहेर जात नाही, हे लक्षात ठेवावे. मोठ्या भूखंडावर अंगणाला उतार देऊन किंवा भराव घालून मार्ग काढता येतो. इथे अंगणच दोन मीटरचे आहे, भराव घालायचा तर तो भिंतीला टेकणार आणि ओल आत ढकलणार.

सांडपाण्याच्या वाहिनीला पुरेसा उतार आहे का, तेही पाहावे. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळीला साधारण ४० ला १ असा उतार लागतो, म्हणजे घराच्या मागून पुढच्या रस्त्यापर्यंत १२ मीटर जायचे तर ३० सेंटीमीटरचा फरक हवा. चेंबरची झाकणे उघडायला लावून वरच्या मजल्यावरून बादलीभर रंगीत पाणी सोडावे आणि ते कोठे, किती वेळात, किती निघते हे पाहावे. विक्रेता झाकण उघडायला कुरकुर करू लागला तर तेही एक उत्तर आहे.

जिन्याखाली कमरेपर्यंत दिलेला नवा रंग म्हणजे तिथे लोणा लागलेला होता, असे मी जवळजवळ खात्रीने म्हणेन. जमिनीतून भिंतीत चढणारी ओल बहुधा मीटरभर उंचीपर्यंत जाते आणि तिथे पाणी उडून जाऊन क्षार मागे राहतात. गिलावा फुगतो, पोपडे सुटतात, पांढरी भुकटी हाताला लागते. भिंतीला हात लावून गारवा पाहावा, आणि फरशीलगतच्या पट्ट्या फुगल्या आहेत का ते बघावे. ओल मोजण्याचे विद्युत उपकरण घेऊन कोणी आला तर एवढे ध्यानात ठेवावे की क्षारांमुळेही त्याचा आकडा वाढतो, त्यामुळे तो आकडा शेवटचा शब्द नव्हे. आणि अशा भिंतीवर सिमेंटचा घट्ट गिलावा किंवा टाइल्स लावून 'बंदोबस्त' केलेला असेल तर ओल बंद होत नाही, ती त्या थराच्या वर जाऊन बाहेर पडते. जोत्यात ओलबंद थर घातलेला आहे की नाही, आणि असल्यास बाहेरची जमीन वाढून तो गाडला गेला आहे का, हे बोळाच्या बाजूने दिसेल.

वीज आणि नळ यांबद्दल फार लिहीत नाही, कारण ही कामे पैशाने सुटतात. अर्थिंग आहे का, गळती झाल्यास पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपिअरचे संरक्षक यंत्र आहे का, आणि जुन्या तारांचे आवरण हाताने वाकविताच तुकडे होते का, एवढे विद्युत कारागिराकडून पाहून घ्यावे. नाहीतर संपूर्ण वायरिंग नवे करण्याचा खर्च सरळ धरून चालावे. जस्ताचा मुलामा दिलेल्या जुन्या लोखंडी नळ्या आतून गंजून अरुंद होतात, त्यामुळे दोन नळ एकदम सोडून धार किती उरते ते पाहावे. जिन्याच्या माथ्यावर किंवा मागच्या पडवीवर सिमेंटचे जुने पन्हळी पत्रे असतील तर ते ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते फोडू नयेत, त्यांना भोके पाडू नयेत, आणि काढायचे झाल्यास जाणकारांकडून ओले करून अख्खे उतरवून घ्यावेत. दारांच्या चौकटीच्या तळाशी स्क्रूड्रायव्हरचे टोक टोचून पाहावे. लाकूड पिठासारखे झाले असेल किंवा भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसत असतील तर वाळवी आहे.

एक सूचना अशी की घर भर पावसात आणि एकदा रात्री अवश्य पाहावे. लागून असलेल्या भिंतीतून शेजारचा आवाज किती येतो, गाड्या कोठे लागतात, वाऱ्याबरोबर मैलाटाकीचा वास कोणत्या खोलीत शिरतो, हे रविवारी सकाळी दलालाबरोबर कळत नाही. शेजाऱ्यांशीही बोलावे. विक्रेत्यापेक्षा शेजारी अधिक खरे बोलतात, निदान पहिल्या भेटीत.

मला स्वतःला या व्यवहारात दोष मोजण्यापेक्षा ते कोणत्या जातीचे आहेत हे ठरविणे उपयोगी वाटते. वायरिंग, नळ, गिलावा, गच्चीचे जलरोधन हे सर्व दुरुस्त होणारे आहे आणि त्यांची किंमत भावातून वजा करता येते. पाया आणि स्लॅब यांचे काम महाग आणि त्रासाचे, पण काही प्रमाणात शक्य. रस्त्याची उंची, बोळाची रुंदी, सामाईक भिंत आणि उजेड हे मात्र कितीही पैसे टाकले तरी तुमच्या हातात येत नाहीत. या शेवटच्या गोष्टी तुम्हाला पटत नसतील तर भाव पाडून मिळाला म्हणून घर घेऊ नये.

रोखठोक:

मोजपट्टी यांची आकडेमोड मान्य आहे. नियम पाहिल्याशिवाय पाडण्याचा सल्ला देणे घाईचे होईल. तरीही भाव ठरविताना बांधकामासाठी विक्रेता मागेल ती किंमत देऊ नये, हे माझे म्हणणे कायम आहे. राहण्याजोगे करण्यासाठी लागणारा सर्व खर्च वजा करून जे उरेल तेवढेच द्यावे.

घरशोधक:

सर्वांचे आभार. दरम्यान काही गोष्टी झाल्या. विक्रेत्यांनी न्हाणीघराखालच्या छताचा गिलावा एके ठिकाणी फोडून पाहू दिला. आतील सळयांवर गंजाचे पापुद्रे आहेत. त्यांनी आणलेल्या एका तंत्रज्ञाने छतावर हातोडीसारखे उपकरण टेकवून आकडे घेतले आणि काँक्रीट 'नव्यापेक्षाही कठीण' असल्याचे सांगितले. मागची मैलाटाकी उघडली असता घराकडील भिंतीतून पाणी झिरपताना दिसले. नकाशा फक्त तळमजल्याचा मिळाला आहे. त्या उपकरणाच्या आकड्यांवर विसंबावे का?

ओळंबा:

त्या एकट्या आकड्यावर विसंबू नये. ते उपकरण काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा मोजते. कार्बन डायऑक्साइड शिरलेला वरचा थर मूळ काँक्रीटपेक्षा अधिक कठीण होतो, त्यामुळे जुन्या स्लॅबवर आकडा फसवा वाढलेला येतो. 'नव्यापेक्षाही कठीण' हे वाक्य इथे शुभवार्ता नसून कार्बोनेशन, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आत शिरून क्षारीपणा घटणे, झाल्याची खूण असू शकते. फोडलेल्या जागी ताज्या तुटलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण शिंपडायला सांगावे. गडद गुलाबी रंग आला तर तिथे क्षारीपणा शिल्लक आहे, रंगच आला नाही तर संरक्षण संपलेले आहे. रंगहीन पट्टा सळईच्या मागेपर्यंत गेला आहे का, तेवढेच पाहायचे आहे. बळकटीचा खरा आकडा हवा असेल तर स्लॅबमधून काँक्रीटचे दंडगोल कापून प्रयोगशाळेत दाबून पाहावे लागतात.

सळईवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून उरलेला व्यास मोजावा. ८ मिलिमीटरची सळई ७ मिलिमीटरची झालेली दिसली तर फरक किरकोळ वाटतो, पण छेदाचे क्षेत्रफळ जवळपास २३ टक्क्यांनी घटलेले असते. न्हाणीघराच्या आसपासच हे असेल तर तेवढा भाग टेकू देऊन, खराब काँक्रीट काढून, नव्या सळया जोडून दुरुस्त करता येतो. दोष तेवढ्यापुरताच आहे का हे कळण्यासाठी दुसरी जागा कोरड्या खोलीत फोडून पाहावी. तिथल्या सळया स्वच्छ निघाल्या तर दोष पाण्याचा आणि स्थानिक आहे; तिथेही गंज निघाला तर संपूर्ण स्लॅबचाच विचार करावा लागेल, आणि अशा वेळी वर बिनपरवान्याचा मजला असताना ते काम कसे व कोणाच्या परवानगीने करायचे हा मोजपट्टी यांचा प्रश्न उभा राहतो. तिसरी जागा सज्जावर, भिंतीलगतची एक फरशी उचलून, वरच्या सळया दिसतील अशी घ्यावी.

टाकीतल्या गळतीमुळे मागच्या तड्याचे कारण बरेचसे स्पष्ट झाले आहे. टाकी दुरुस्त करून माती पुन्हा कोरडी झाल्यावरही हालचाल थांबते का, हे कळायला एक पूर्ण ऋतुचक्र जावे लागेल. तेवढा अवधी विक्रेते देणार नाहीत, म्हणून त्या कोपऱ्यातील पाया खालून बळकट करण्याचा खर्च लागणारच असे धरून अंदाजपत्रक करून घ्यावे. पायाशेजारचा खड्डाही त्याच कोपऱ्यात घ्यावा. एकाच खोदाईत पायाची रुंदी आणि मातीची अवस्था दोन्ही दिसतील. खड्डा मीटरभराहून लांब घेऊ नये आणि रात्रभर उघडा ठेवू नये.